थांबवलेली रवी

एकदा तेल शुद्ध करण्याच्या कार्यशाळेत एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्येला शेवटचा धडा देत होते. दुसऱ्या दिवशी सारा कारभार तिच्या स्वाधीन करून ते कायमचे गावी जाणार होते.

समोरच्या टाकीत एका व्यापाऱ्याचे सोयाबीनचे कच्चे तेल होते. त्यातला चिकटा काढायला आचार्य विकर, म्हणजे एन्झाइम, वापरीत. विकर राहते पाण्यात आणि काम करते तेलावर. म्हणून दोन्ही घुसळून तेलात पाण्याचे बारीक थेंब करायचे, म्हणजे थेंबांच्या कडेवर विकराचे काम सुरू होते. थेंब पुन्हा एक होऊ नयेत म्हणून आचार्य त्यात अतिसूक्ष्म मातीची भुकटी घालीत.

मागच्या खेपेला शिष्येने धास्तीपोटी यंत्राची रवी क्षणभरही थांबू दिली नव्हती. विकर निकामी झाले, तेल होते तसेच राहिले. आता उरलेले विकर एवढेच. हेही वाया गेले तर व्यापारी तेल उचलून नेणार आणि आपल्या हाती येताच कार्यशाळा बुडणार! दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हिला तर श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

रवी फिरली, मिश्रण पांढरेशुभ्र झाले, आणि आचार्यांनी बटण बंद केले.

"गुरुजी, हे काय केलंत! पाणी वेगळं होईल!" तिचा हात बटणाकडे धावला. त्यांनी तो मध्येच धरला.

मिश्रणातले थेंब हळूहळू तळाशी बसू लागले. तिने डोळे घट्ट मिटले. "संपलं सगळं," ती पुटपुटली.

आचार्यांनी तळातले टिपूसभर मिश्रण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. "बघ."

थेंब एकमेकांना टेकले होते, पण एकही दुसऱ्यात मिसळला नव्हता.

"रवीचं काम थेंब करण्यापुरतं, मुली," आचार्य म्हणाले. "त्यांना धरून ठेवते ती कडेची भुकटी. तिच्या फटींतून विकर आपलं काम करतंच आहे. मागे ते मेलं तुझ्या घुसळण्यानं. मी निघालो म्हणून घाबरलीस ना? अगं, मीसुद्धा रवीच. माझं फिरून झालं. तुला सावरणारं जे काही तू शिकलीस, ते तुझ्या कडेला केव्हाच बसलंय."

काठी उचलून ते बाहेर पडले. तिचा हात पुन्हा एकदा बटणापर्यंत गेला. मग तिने तो मागे घेतला, स्टूल ओढले आणि टाकीसमोर बसून राहिली.

संध्याकाळी चिकटा सुटून तेल नितळ झाले. भीती अजून होतीच, पण हात मांडीवर स्वस्थ होते.

सांभाळतो आहोत असे वाटते, तेव्हा आपण नुसते घुसळत तर नाही ना, हे एकदा पाहावे.