गाठीखालचा कोंब

"मग माझ्या गाण्यात तुमचं किती, बाबा, आणि माझं किती?"

भावपुरीबाबांनी मान वर केली नाही. मठाच्या पडवीत बसून ते रानवांग्याचं कोवळं रोप निरखत होते. हातात दाढीचं पातं.

सुधन्वा वाट बघत उभा राहिला. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो याच पडवीत गाणं शिकला. पुढे बाबांचा गळा बसला, तो कायमचाच. सुधन्वाचा मात्र फुलत गेला. आता लांबलांबून बोलावणी येत. परवा तर एका जाणकारानं भर मैफिलीत म्हटलं, "असा गळा कुणी शिकवून येत नाही." तेव्हापासून ते वाक्य त्याच्या कानात घोळत होतं.

खरं तर तेच बाबांच्या तोंडून ऐकायला तो आला होता.

"बस," बाबा म्हणाले. आवाज कुजबुजीएवढाच.

त्यांनी रानवांग्याचा शेंडा छाटला. उरलेल्या खोडात उभी चीर दिली. मग टोमॅटोचं रोप घेतलं, मुळाच्या वर कापलं, त्याचा देठ पाचरीसारखा तासला आणि अलगद त्या चिरेत बसवला. वरून बारीक चिमटा.

"एवढा खटाटोप कशाला? सरळ टोमॅटोच लावला तर?"

"इथल्या मातीत मर रोग आहे. फुलावर आलेलं झाड एका सकाळी मान टाकतं. रानवांग्याचं मूळ टिकून राहतं."

"म्हणजे मूळ वांग्याचं, आणि वर..."

"टोमॅटो."

बाबांनी रोपावर प्लास्टिकची पिशवी घातली, ते सावलीत सरकवलं आणि सुधन्वाचा हात धरून त्याला अंगणात नेलं.

तिथं रंगाच्या जुन्या डब्यात एक कलमी झाड होतं. काठीला बांधलेलं, तरी फळांच्या भारानं वाकलेलं. बुंध्याशी जोडाची गाठ. सुधन्वानं तिच्यावरून बोट फिरवलं. खाली काटे, वर मऊ लव.

बाबांनी एक टोमॅटो तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"वांग्याची चव लागते?"

सुधन्वानं खाल्ला. सावकाश.

"नाही," तो म्हणाला. "कुठेच नाही..."

आणि त्याला बाबांचा हात आठवला. गळा गेल्यावर बाबा त्या हातानंच तान दाखवत. हवेत वर, वळसा, खाली. चुकलं की एक बोट उभं राही. पहाटेमागून पहाट. सुधन्वाच्या एकाही मैफिलीत ते कधी पुढे बसले नव्हते.

तो वाकला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलो, बाबा. आता प्रत्येक मैफिलीत आधी तुमचं नाव घेईन. मग सूर."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते बुंध्याशी वाकले. गाठीच्या खाली एक हिरवा कोंब आला होता. पानं रुंद, वांग्याची. बाबांनी तो नखानं खुडला.

"अहो, असू द्या की!" सुधन्वा कळवळला. "एवढं देणाऱ्या मुळाचा एक कोंब तो..."

बाबांनी खुडलेला कोंब क्षणभर तळहातावर धरला. मग हसले.

"मुळालाही वाटतं रे, आपल्याला फळ यावं... रोज खुडावा लागतो."