टायरवर कोरलेला आकडा

एकदा एका व्यापाऱ्याने चाकांवरचे घर घेतले. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळे. हौस म्हणाल तर होतीच, पण त्याहून अधिक उशिरा झालेली उपरती होती. लातुरात डाळीचे दुकान सांभाळता सांभाळता पत्नीला, द्वारकाबाईंना, समुद्र दाखवायचा राहून गेला, ही सल त्याला लागलेली. आता बाईंच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली, बसून प्रवास होईना. म्हणून झोपून जाता येईल असे हे घर. गोकर्णापर्यंत सोबतीला त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना घेतले, आणि गाडी चालवायला गुरुजींचा शिष्य.

निघताना व्यापाऱ्याने टायरच्या अंगावर कोरलेला आकडा वाचला आणि तेवढी हवा भरून घेतली. कंपनीने लिहिलेय ते काय उगाच?

पहिल्याच दिवशी रस्त्यातला एकेक खड्डा द्वारकाबाईंच्या पाठीत शिरू लागला. त्या बोलल्या नाहीत. बोलायची सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मात्र म्हणाल्या, "मला घरी न्या." व्यापारी चिडला. एवढा खटाटोप कोणासाठी केला, असे काहीबाही बोलून बसला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

एका टायरवाल्याच्या दुकानापुढे शिष्याने गाडी थांबवून हवा मोजली. भरली होती त्याहून आकडा वर गेलेला. तो हवा सोडायला वाकला, तोच गुरुजींनी त्याचा हात धरला.

"आत्ता नको. तापलेल्याचे माप खरे नसते."

एवढे बोलून म्हातारा समोरच्या चिंचेखाली जाऊन चक्क आडवा झाला. शिष्य मनातून वैतागला. खरे तर सगळेच थकले होते.

उन्हे कलल्यावर गुरुजींनी गाडी जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर न्यायला लावली. हंगाम संपलेला, काटा मोकळाच होता. टाकी पाण्याने भरा, एक डबासुद्धा उतरवू नका, आणि बाई आहेत तिथेच निजू देत, असे त्यांनी बजावले. व्यापाऱ्याला लाज वाटली. आजारी बायकोला उसाच्या मोळीसारखे काट्यावर चढवायचे म्हणजे काय? पण गुरुजींपुढे बोलणार कोण! पुढची चाके वेगळी तोलली, मागची वेगळी, आणि सगळे टायरवाल्याकडे परतले. त्याने आपल्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते पाहिले. कोरलेल्या आकड्यापेक्षा ती बरीच कमी निघाली. सकाळी टायर गार असताना शिष्याने तेवढीच ठेवली.

व्यापाऱ्याला ते पटेना. टायरवर तर जास्त लिहिले आहे, असे तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते सांगतो. किती भरायची, ते ओझे सांगते. जास्त झाली तर टायर दगडासारखा होतो, प्रत्येक खड्डा थेट आत पोचतो. कमी पडली तर तापून फुटेल, म्हणून अंदाजाने सोडायची नाही, आधी तोलायचे. तुम्ही मात्र सोसतेय म्हणून भरत गेलात. टायर बिचारा काही बोलत नाही."

व्यापारी चाकाकडे बघत राहिला. मग आत जाऊन पत्नीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "पुढे जायचे की घरी? तू म्हणशील तसे."

असे द्वारकाबाईंना कोणी कधी विचारलेच नव्हते.

"घरी," त्या म्हणाल्या. "समुद्राची हौस तुमची होती. मी कुठे मागितला होता?"

गाडी वळली. रस्ता कालचाच होता, खड्डेही तेच. थोड्या वेळाने शिष्याने आरशात पाहिले, तर बाईंना झोप लागली होती आणि व्यापारी तसाच पायाशी बसलेला होता.

आपल्याही घरात कोणी मुकाट्याने सोसत असेल, तर त्याला एकदा विचारून पाहावे. उत्तर आपल्याला आवडेलच असे नाही.