खेत्रोजीबाबा पळाले की उभे राहिले?

एका गावात एक भोळा गडी राहत होता. रखमाजी त्याचं नाव. "एकदा ऐकलेली गोष्ट मी जन्मात विसरत नाही," असं तो छाती ठोकून सांगायचा. "कुठली गोष्ट?" असं कुणी विचारलं की डोकं खाजवायचा. "ते तेवढं आता आठवत नाही," म्हणायचा.

त्याच्या सासुरवाडीला खेत्रोजीबाबांचा पुतळा बसणार होता, म्हणून तो बायकोला घेऊन तिकडं आला होता. खेत्रोजीबाबा म्हणजे जुन्या काळातले मोठे लढवय्ये. रखमाजीचे सासरे त्यांच्याच वंशातले. सकाळीच ते म्हणाले, "जावईबापू, आमची थोरवी आम्हीच गायली तर लोक हसतील. संध्याकाळी बाबांच्या लहानपणची बैलाची गोष्ट तुम्ही सांगा."

"त्यात काय! तोंडपाठ आहे," रखमाजी म्हणाला.

तोंडपाठ होती, पण निम्मीच. भर बाजारात बैल उधळला. सगळा बाजार पळाला. आणि एवढासा खेत्रोजी... पळाला की उभा राहिला? तिथं गाडी अडली.

त्यानं बायकोला विचारलं. बायकोचं नाव ठकू.

"आमच्या घरात नका विचारू," ठकू म्हणाली. "आबांच्या तोंडी तो बैल दरवर्षी हातभर वाढतो. बाहेरच्या जुन्या माणसाकडून खात्री करून घ्या. आणि हे बघा, गेल्या दिवाळीत माहेरी तुम्ही माझं नाक कापलंत. उरलंय तेवढं तरी राहू द्या."

रखमाजीनं गावातले सगळ्यात म्हातारे धोंडीतात्या गाठले.

"तात्या, खेत्रोजीबाबा बैलाला बघून पळाले ना?"

"पळाले की."

"की उभे राहिले?"

"राहिले की."

"म्हणजे पळता पळता उभे राहिले?"

"तर! तंबाखू आहे का?"

घरी येऊन त्यानं हे सांगितलं, तशी ठकूनं कपाळावर हात मारला. "अहो, उत्तर आपणच तोंडात घालायचं नसतं. आपण गप्प बसावं, समोरच्याला बोलू द्यावं."

"एवढंच ना!" म्हणून रखमाजी बाहेर पडला. तेवढ्यात मेव्हणा धावत आला. "दाजी, म्हैस सुटलीय. इकडं दिसली का?"

म्हैस रखमाजीच्या डोळ्यांदेखत उसात शिरली होती. रखमाजी गप्प बसला. मेव्हण्याला बोलू दिलं. मेव्हणा आधी म्हशीविषयी बोलला, मग रखमाजीविषयी बोलला. तोवर म्हशीनं निम्मा फड आडवा केला.

"अहो, डोळ्यांनी पाहिलेलं असं गिळून बसतात होय?" ठकू म्हणाली. "चारचौघांत मोठ्यानं सांगावं!"

"मग तसं सांगायचं!"

दुपारी एकादशीचा उपास धरलेल्या सासूबाई चुलीमागं बसून गरम भजी तोंडात टाकत होत्या. ओसरीवर पाहुणे बसले होते. रखमाजी दारात उभा राहून ओरडला, "सासूबाईंनी भजी खाल्ली हो! चार मी पाहिली, आधीची देवाला ठाऊक!"

ठकू रडकुंडीला आली. "अहो, थोरामोठ्यांबद्दल असं भस्सकन बोलायचं? आधी त्या जागी जाऊन, जसं घडलं तसं नीट बघावं. सगळ्यांची खात्री पटवावी. मग तोंड उघडावं!"

"हे आधी सांगितलं असतंस तर ऊस वाचला असता," रखमाजी म्हणाला.

संध्याकाळी बाजारतळावर मांडव गच्च भरला. पुतळ्यावर कापड टाकलेलं. रखमाजीच्या गळ्यात झेंडूचा हार. सासरे फेटा सावरत म्हणाले, "आता आमचे जावई बाबांच्या लहानपणची गोष्ट सांगतील."

रखमाजी उठला. चहूकडे बघितलं. जागा तीच. माणसंही बाजाराएवढी. जसं घडलं तसं बघायचं तर एकच वस्तू कमी होती. तो मांडवामागं गेला, मिरवणुकीसाठी बांधलेल्या सासऱ्यांच्या खोंडाचं दावं सोडलं आणि वर शेपूट पिरगाळली.

मग काय विचारता! खुर्च्या उताण्या पडल्या. प्रमुख पाहुणे धोतर सोडून चिंचेवर गेले. सासरे, म्हणजे खेत्रोजीबाबांचे थेट वंशज, पुतळ्याच्या खांद्यावर चढून कापडात शिरले. उपासाच्या सासूबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. धोंडीतात्यासुद्धा पळाले की.

मधोमध रखमाजी एकटा उभा. पळ म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खोंडानं येऊन त्याला हुंगलं, गळ्यातला हार सावकाश खाल्ला आणि तो चालता झाला.

रखमाजीनं माईक उचलला. "मंडळी, खात्री झाली! घराणंच पळणारं. बाबाही पळालेच असणार!"

कापडातून सासरे किंचाळले, "अरे मूर्खा, बाबा उभे राहिले होते! म्हणून तर पुतळा!"

रखमाजीची छाती फुगली. "ऐकलंस का ठकू? मीही उभाच राहिलो. मग माझाही पुतळा?"

मंचाखालून ठकूचा आवाज आला, "आजवर मला वाटायचं, बैलापुढं उभं राहायला छाती लागते. आज कळलं, डोकं नसलं तरी भागतं."