एक माणूस, दोन दारं

"सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालंय हे. अजून किती वेळा तेच करू मी?" सारिकानं विचारलं.

कडेवरचा तेजू तापानं फणफणला होता. आठ महिन्यांचं लेकरू. रात्रभर कान ओढून ओढून रडलेलं. आता रडायचंही थांबलं होतं, म्हणून ती सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

समोर श्रीनंद. टेकडीवरच्या मठातला, रखमाजीबुवांचा नवा शिष्य. पुण्यातलं कॉम्प्युटरचं काम सोडून आलेला. मठाची वेबसाइट तोच सांभाळायचा.

दर गुरुवारी मठात लेकरांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. बारा वाजले की पुढच्या गावाला निघायच्या. नंबर मोबाईलवरच घ्यायचा, नंबराशिवाय आत सोडायचं नाही, नाहीतर दारात चेंगराचेंगरी. पण बाहेरचे लबाड लोक कसलं तरी यंत्र लावून सगळे नंबर आधीच पळवायचे. म्हणून श्रीनंदनं त्या दिवशी पहाटे वेबसाइटच्या तोंडाशी एक नवा नियम बसवला होता.

"मोबाईलवर दिसतंय काय?" त्यानं विचारलं.

"'आपण योग्य मार्गाने आलेले नाहीत.' दर खेपेला हेच. मी काय भिंतीवरनं उडी मारून आले?"

"कुठल्या मार्गानं आलात?"

"आधी सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी पाठवलेल्या लिंकवरनं. मग तुमच्या मठाच्या पानावरनं. दोनच मार्ग म्हणता ना तुम्ही?"

"दोनच."

"मग?"

"मग तुमचंच काहीतरी चुकत असणार, ताई. नियम बरोबर आहे. मी परत परत वाचलाय."

चिंचेखाली आणखी चार-पाच बायका लेकरं घेऊन, मोबाईल दाबत बसल्या होत्या. कितीतरी जणी तर वैतागून टेकडी उतरून गेल्याही होत्या. श्रीनंदनं तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आज कुणीच नाही का हो? गावातली सगळी पोरं ठणठणीत झाली वाटतं."

"यादी रिकामी आहे, मॅडम."

सारिकाच्या ओठांवर शिवी आली. मठाची पायरी म्हणून तिनं ती गिळली.

रखमाजीबुवा अंगण झाडत होते. खराटा भिंतीला टेकवून ते जवळ आले.

"नियम काय आहे रे तुझा?"

"सोपा आहे, बुवा. जो मठाच्या पानावरून आला नाही, किंवा आशाताईंच्या लिंकवरून आला नाही, त्याला परत पाठवायचं."

"बघतं कोण?"

"यंत्र बघतं. ते डोकं चालवत नाही. सांगितलं तेवढंच करतं."

"बरं..."

बुवांनी सभामंडपाकडे बोट केलं. मंडपाला समोरासमोर दोन दारं. एक ओढ्याकडचं, एक चिंचेकडचं.

"आत उभा राहा. यंत्र हो. जो ओढ्याच्या दारानं आला नाही, किंवा चिंचेच्या दारानं आला नाही, त्याला परत धाड."

"बुवा, आत्ता कशाला... वेळ जातोय."

"वेळ या बाईचा जातोय. तू उभा राहा."

श्रीनंद मंडपात जाऊन उभा राहिला. बुवा ओढ्याच्या दारानं आत आले.

"या, बुवा."

"या काय? चिंचेच्या दारानं आलो का मी?"

"नाही, पण..."

"यंत्र पण म्हणतं का?"

श्रीनंदनं डोकं खाजवलं.

"चिंचेच्या दारानं आलो का?"

"नाही."

"मग धाड परत."

"...जा, बुवा."

बुवा बाहेर पडले. गुडघा धरत, पायरी पायरीनं, मंडपाला वळसा घालून चिंचेच्या दाराशी आले. सारिकाचा जीव नुसता वरखाली होत होता. म्हातारा चालतोय की मुहूर्त काढतोय!

"आता बोल. ओढ्याच्या दारानं आलो का?"

"नाही."

"मग?"

श्रीनंदनं हात वर केला, पण अर्ध्यातच थांबवला.

"मग?"

"...जा."

सारिकाचा धीर सुटला. "बुवा, माझं लेकरू भट्टीसारखं तापलंय, आणि तुम्ही दोघं दारं-दारं खेळताय?"

बुवा उंबऱ्यावरच थांबले.

"खरंय पोरी. आता तूच राहिलीस. असं कर, तू ओढ्याकडनं आत ये, आणि लेकरू चिंचेकडनं पाठव. या शहाण्याचं तेवढ्यानंच समाधान व्हायचं."

"लेकराला हातातनं सोडायची नाही मी."

"ऐकलंस?" बुवा श्रीनंदला म्हणाले.

श्रीनंदनं एकदा या दाराकडे पाहिलं, एकदा त्या. त्याचे कान लाल झाले.

"माणूस एकाच दारानं येणार," तो हळू बोलला. "म्हणजे दुसऱ्या दारानं तो आलेलाच नसणार... बुवा, मी तर सगळ्यांनाच हाकललं."



श्रीनंद धावत लॅपटॉपशी गेला. पुटपुटत बोटं चालवू लागला, "या दारानं नाही, आणि त्याही दारानं नाही... फक्त त्यालाच परत... फक्त त्यालाच..."

मग म्हणाला, "ताई, आता बघा."

तिचा विश्वास नव्हता. तरी तिनं बोट दाबलं. नंबर आला.

आभार मानायला ती थांबली नाही. आत डॉक्टरीणबाईंनी तेजूच्या कानात बत्ती धरली आणि त्यांचं हसू मावळलं. "कान आतून चिघळलाय. आज आणलंत ते बरं केलंत." सारिकानं तेजूचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. औषधाचा पहिला थेंब कानात गेला तसा तेजूनं भोकाड पसरलं, आणि तिला पहिल्यांदा बरं वाटलं.

बाहेर श्रीनंदचा आवाज पडलेला होता.

"बुवा, एवढा वाचला मी तो नियम. मला दिसलं कसं नाही?"

"आत कुणी आलं का, ते बघितलंस?"

"...नाही."

खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"आता मी काय करू, बुवा?"

"बारा वाजायचेत अजून. टेकडी उतर. ज्या परत गेल्या त्यांना सांग. ज्या आल्याच नाहीत, त्यांनाही सांग."