हरायला निघालेले मुंगूस

एका जंगलात एक साळुंकी राहत असे. घरटं तिचं बोरीच्या झाडावर होतं, पण ती सापडायची कबड्डीच्या मैदानावर. आता मुलांनो, साळुंकी म्हणजे मुळातच बोलकी जात, आणि त्यात ही मुंगसांच्या संघाची कट्टर पाठीराखी. मुंगसांचा सामना असला की ही काठावरच्या बाभळीवर बसून पहिल्या चढाईला जी सुरू व्हायची, ती सगळे घरी गेले तरी थांबायची नाही. पंच काळवीट बिचारा कानात कापूस घालून यायचा.

त्या जंगलात पाऊस सरला की कबड्डीचे सामने सुरू होत. सामन्याच्या दिवशी कुणी कुणाला खायचं नाही, एवढा एक नियम सगळे निमूट पाळत. दोन-अडीच महिने सामने चालत आणि मग संक्रांतीला मोहाच्या झाडाखालच्या मोठ्या मैदानावर अंतिम फेरी. तिथे खेळायचे फक्त चार संघ. कोणते चार? तुम्ही म्हणाल, जे जास्त जिंकले ते. छे! मग निवड समिती कशाला होती? समितीत तिघे जण. घुबड, कारण ते विद्वान. पण सामने दिवसा असत आणि दिवसा ते झोपलेलं असे. कासव, कारण ते वयाने मोठं. पण ते सामन्याला पोचेपर्यंत मैदान झाडून झालेलं असे. तिसरा मोर. तो मात्र प्रत्येक सामन्याला वेळेवर हजर, पण मैदानाकडे पाठ करून, कारण पिसारा प्रेक्षकांना दिसायला हवा.

मुंगूस तीन वर्षांत एकही सामना हरले नव्हते, आणि त्या तीन वर्षांत त्यांना एकदाही मोहाखाली बोलावणं आलं नव्हतं. त्यांचा कर्णधार आता म्हातारा झाला होता. मागचा उजवा पाय सकाळी सकाळी आखडून जायचा. "साळूबाई," तो एकदा म्हणाला, "एवढं वर्ष निघेल कसंबसं. पुढच्या वर्षी हा पाय काही मध्यरेषा ओलांडायचा नाही. एकदा मोहाखाली खेळायला मिळालं असतं तर..." संक्रांत आठ दिवसांवर आली होती. साळुंकी तडक समितीकडे गेली.

"यंदा आमचं नाव आहे ना यादीत?" तिने विचारलं.

घुबडाने एक डोळा उघडला. "यादीत रानडुकरं आहेत, गवे आहेत, तरस आहेत आणि चौथ्या क्रमांकावर बिबटे आहेत."

"बिबटे? अहो, ते दोन सामने हरलेत!"

"हरले खरे," घुबड म्हणालं, "पण कुणाशी? एकदा गव्यांशी, एकदा रानडुकरांशी. ते दर्जेदार पराभव आहेत."

पराभवालाही दर्जा असतो, हे साळुंकीने जन्मात ऐकलं नव्हतं. "आणि आमचे यंदाचे अकरा विजय?"

"सशांना हरवलंत, लाव्यांना हरवलंत, साळिंदरांना हरवलंत. सगळे किरकोळ विजय."

"आमचे सामने सशांशी आणि लाव्यांशी लावले कुणी? तुम्हीच ना!"

"तो विषय वेगळा," घुबड म्हणालं.

"शिवाय मुंगूस बुटके," मोर मान वेळावत म्हणाला. "मागच्या रांगेतल्यांना दिसत नाहीत. लोक काय बघायला येणार?"

"आमच्या वेळी..." कासवाने सुरुवात केली, पण त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता.

"थोडक्यात काय," घुबड डोळा मिटत म्हणालं, "तुमच्याकडे एकही दर्जेदार पराभव नाही. ही फार मोठी उणीव आहे."

दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. साळुंकी म्हणाली, "पराभव हवाय होय तुम्हाला? मग तोही आणते!" आणि ती भुर्रकन उडाली ती थेट बिबट्यांच्या कड्यावर. बिबट्यांचा कर्णधार उन्हात पसरला होता.

"मुंगसांशी एक सामना खेळाल का?" तिने जरा लांबच्याच फांदीवरून विचारलं.

"कशाला?"

"आम्हाला हरायचंय."

बिबट्या उठून बसला. त्याच्याकडे येऊन आजवर पुष्कळ जण हरले होते, पण हरायचं म्हणून आमंत्रण घेऊन कुणी आलं नव्हतं. "या परवा ओढ्याकाठी," तो म्हणाला. "जेवायच्या आधी उरकून टाकू." जेवायच्या आधी हे शब्द साळुंकीला फारसे आवडले नाहीत, पण गरजवंताला अक्कल नसते.

आता खरी पंचाईत पुढेच होती. मुंगसांना हरायला कोण शिकवणार? म्हाताऱ्या कर्णधाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साळूबाई, अंगात ताप-बीप नाही ना?"

"दादा, एकदाच हो! फार वाईट हरू नका, थोडक्यात हरा. जीव तोडून खेळले आणि जरासे कमी पडले, असं दिसलं पाहिजे."

"तुम्ही आमच्या बाजूच्या, आणि आम्हाला हरा म्हणता?"

साळुंकीला वाईट वाटलं. वाटणारच की! पण तिने ते गिळलं. "मोहाखाली खेळायचंय ना?" ती म्हणाली. म्हातारा आपला आखडलेला पाय चोळत म्हणाला, "तीन वर्षं जिंकून पाहिलं. चला, आता हरून पाहू."

दोन दिवस हरण्याचा सराव झाला. "चढाईवाल्याचा पाय समोर आला की धरायचा नाही," साळुंकी सांगायची. "मग करायचं काय?" एका मुंगसाने विचारलं. "नुसतं बघत राहायचं." बिचाऱ्यांनी प्रयत्न केला. पण पाय समोर आला की हात आपोआप जायचा आणि मग सगळे एकमेकांची माफी मागायचे.

सामन्याच्या दिवशी ओढ्याकाठी सगळं जंगल लोटलं. बिबट्यांचा पहिला गडी ऐटीत चढाईला आला. "कबड्डी, कबड्डी, क... गुर्रर्र!" सवयीने गुरगुरला आणि दम तुटला. बाद! मुंगसांनी काहीच केलं नव्हतं, तरी गुण मिळाला. साळुंकीने कपाळाला पंख लावला. मग बिबट्यांचा कर्णधार स्वतः आला. तो शहाणा होता, तो गुरगुरला नाही. पण वळताना त्याचं ते लांबलचक शेपूट मुंगसांच्या नाकासमोरून सळसळत गेलं. आता तुम्हीच सांगा, ज्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या सापांशी झुंज घेतली, तिच्यासमोर लांब, वळवळणारं काही आलं तर तिने नुसतं बघत कसं राहायचं? सातही जण एकदम शेपटाला लटकले.

"सोडा!" साळुंकी किंचाळली. "सोडा रे मेल्यांनो!" पण ऐकतो कोण! बिबट्या फरफटत गेला आणि तोंडावर चिखलात पडला. पुढे तसंच होत राहिलं. मुंगूस हरायचं ठरवून उभे राहत आणि शेपूट दिसलं की सगळं विसरत. स्वतःच्या चढाईत मात्र पकडून घ्यायला ते विसरत नसत. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बावीस-बावीस गुणांवर होते आणि चढाई म्हाताऱ्या कर्णधाराची होती. तो ठरल्याप्रमाणे मध्यरेषा ओलांडून मुकाट उभा राहिला. सातही बिबट्यांनी एकदम झेप घेतली, सातही जणांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि म्हातारा दोघांच्या पोटाला शिवून त्या ढिगाखालून बाहेर पडला. लंगडत, पण दम न सोडता.

"पळा दादा, पळा!" साळुंकी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. "आली रेघ, आली!" म्हाताऱ्याने रेषेवर अंग टाकलं. मुंगूस दोन गुणांनी जिंकले. जल्लोष ओसरल्यावर साळुंकीला आठवलं की आपण हरायला आलो होतो.

तरी ती समितीकडे गेली ती आनंदातच. "हरता काही आलं नाही बुवा. पण बिबट्यांना हरवलं! आता तरी दर्जेदार विजय झाला ना?"

घुबडाने विचार केला. "बिबटे जर मुंगसांकडून हरतात, तर याचा अर्थ बिबटे यंदा कच्चे आहेत. कच्च्या संघाला हरवलंत. विजय किरकोळ."

"मग काढा ना बिबट्यांना यादीतून!"

"त्यांना कसं काढणार? मुंगूस तीन वर्षं अजिंक्य आहेत. अजिंक्य संघाकडून अवघ्या दोन गुणांनी हरणं! यंदाचा सर्वांत दर्जेदार पराभव आहे तो. बिबट्यांना आम्ही चौथ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर घेतलंय."

जिंकलो तर जिंकलो म्हणून बाहेर, हरलो असतो तर हरलो म्हणून बाहेर. म्हाताऱ्याला आता काय सांगायचं, या विचाराने साळुंकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मग आम्ही करायचं तरी काय?" ती म्हणाली. घुबडाने उघडा डोळाही मिटून घेतला.

"दर्जेदार कोण म्हणालं?"

करवंदीच्या जाळीतून बिबट्यांचा कर्णधार बाहेर आला. मोहाखालचा सामना किती वाजता, एवढंच विचारायला तो आला होता. मोराचा पिसारा झटकन मिटला. "आपलंच कौतुक चाललं होतं, महाराज," तो म्हणाला.

"कौतुक? मी हरलो. साधा हरलो! टीचभर प्राण्यांनी शेपूट धरून मला चिखलात लोळवलं. नाकात गेलेला चिखल अजून निघत नाही. त्यात दर्जा कुठे दिसला तुला? आणि दिसणार कसा, तू तर पाठ करून उभा होतास!" बिबट्या तिघांभोवती एक फेरी मारून आला. "घरी पिल्लं मला हसतात, ते मी सोसलं. पण ज्यांनी मला हरवलं ते घरी बसणार आणि मी मोहाखाली मिरवणार? पिल्लांना काय तोंड दाखवू? आमचं नाव खोडा. त्यांचं घाला."

"पण निवडीचे निकष..." घुबड पुटपुटलं.

बिबट्याने मोठ्ठी जांभई दिली. त्याचे सगळे दात एकदम दिसले. समितीची बैठक तिथल्या तिथे भरली आणि एकमताने संपली. कासवाचं मत दुसऱ्या दिवशी पोचलं, पण तेही होच निघालं. दात बघून मिळालेला न्याय काही फार चांगला नव्हे, मुलांनो. पण साळुंकीने त्या दिवशी तक्रार केली नाही.

संक्रांत उजाडली. तिळगूळ वाटून झाला. म्हाताऱ्या कर्णधाराने मोहाखालच्या मैदानाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. समोर रानडुकरं होती. मी तुम्हाला सांगू का, पुढे काय झालं? मुंगूस हरले. असे हरले, असे हरले, की विचारू नका. एक्केचाळीस विरुद्ध चौदा! रानडुकराचं शेपूट ते केवढं, ते कुणाच्या हाती लागणार? आणि डुक्कर खांदा पाडून आलं की सात मुंगूस सात दिशांना उडत होते.

सामना संपला तशा सगळ्या माना साळुंकीच्या फांदीकडे वळल्या. आता ही पंचाला धरणार, उन्हाला धरणार, मैदानाच्या उताराला धरणार! तिच्याकडे कारणं तयार होतीच, तिने चोच उघडलीही. तेवढ्यात तिला म्हातारा दिसला. अंगभर माती, दोन्ही पाय पुढे पसरलेले, आणि तो रानडुकरांच्या कर्णधाराला विचारत होता, "तो खांदा तुम्ही पाडता कसा हो?" साळुंकी खाली उतरली.

"दादा, हरलो की हो आपण," ती हळूच म्हणाली.

"हरलो! काय मारलं त्यांनी, बाप रे!" म्हातारा खदखदून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "साळूबाई, तीन वर्षं मी पडल्या पडल्या मनात या मैदानावर खेळायचो. कधी जिंकायचो, कधी हरायचो. नक्की काय झालं असतं, ते काही कळायचं नाही. आता कळलं."

साळुंकी रडली, मग हसली, मग पुन्हा थोडी रडली. आणि तशीच उड्या मारत रानडुकरांच्या कर्णधारासमोर जाऊन उभी राहिली. "छान खेळलात हो," ती म्हणाली. दुसऱ्या संघाबद्दल असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती.

तात्पर्य : मैदानात हरलेल्याची समजूत खेळच घालतो, ज्याला मैदानात उतरूच दिलं नाही, त्याची समजूत कुणालाही घालता येत नाही.