शेवंतीला हवी होती रात्र

अंगणात विजेचा दिवा नवा नवा आला, तेव्हाची ही गोष्ट. दिव्याखालीच कुंडीत शेवंती होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मालतीबाईंच्या घटावर आपली फुलं चढावीत, एवढीच तिची आस. पण भाद्रपद सरला तरी एक कळी नाही!

"काय गं, यंदा नुसता पालाच का?" मोगऱ्याने चिडवलं. "आम्ही बघ, उन्हाळाभर ओंजळी भरल्या!"

दिवा कळवळला. "दिवस लहान होत चाललाय ना, म्हणून हिरमुसलीस. मी आणखी लख्ख पेटतो हो, शेवंतीताई."

"अरे दिव्या, तिथेच तर चुकतंय!" शेवंती हसली. "मोगऱ्याला मोठा दिवस मानवतो, मला मोठी रात्र. तुझ्या उजेडात ती येतच नाही बघ माझ्यापर्यंत."

दिवा वरमला. त्या संध्याकाळपासून तो मुद्दाम असा लुकलुकू लागला, की मालतीबाई वैतागल्या. "बंदच बरा बाई हा!" म्हणत त्या तुळशीपाशी नुसती पणती लावू लागल्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी घट पिवळ्याधमक फुलांनी झाकून गेला. मोगरासुद्धा डोकावून बघत राहिला.

"देवीची कृपा!" मालतीबाईंनी हात जोडले.

खांबावरचा दिवा विझलेलाच होता. पण इतका आनंद त्याला पेटूनही कधी झाला नव्हता.