पाठ दाखवायची नाही

वैजू घोरपडेला तिच्या आत्यानं वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे कबड्डीच्या मैदानावर शिव्या घालून. "पाठ दाखवलीस की धरली गेलीस, मेले," हा आत्याचा रोजचा मंत्र.

पोरगी सैनिकी अकादमीची लेखी परीक्षा पास झाली आणि मुलाखतीला गेली. आज पडली, तर पुन्हा बसायला वय उरणार नव्हतं. आत्या दाराबाहेर पदराचं टोक चावत बसली.

आत एक कर्नल आणि एक प्रोफेसर होते. या प्रोफेसरांचा तोंडवळाच असा, की त्यांच्यापुढं ठेवलेलं दूध नासावं. वैजूनं धडाधड उत्तरं दिली, तसे ते खवचट हसले.

"क्लासवाल्यांचा पोपट दिसतोय. काय काय पाठ आहे, ते एकदाच दाखव, म्हणजे आम्ही सुटलो."

वैजू पेचात पडली. पाठ आहे म्हणावं तर पोपट, नाही म्हणावं तर खोटारडी. तेवढ्यात तिला आत्याची आरोळी आठवली.

"पाठ आहे, सर," ती म्हणाली. "पण दाखवणार नाही. फौजेत यायचं तर पाठ दाखवून कसं चालेल?"

कर्नल टेबलावर थाप मारून हसले. "घेतलं हिला. जा पोरी."

वैजू तोंड त्यांच्याकडंच ठेवून उलट्या पावलांनी दाराकडं निघाली.

"अगं, वळ आता," कर्नल म्हणाले. "आपल्या माणसांना दाखवलेली चालते."

बाहेर येऊन तिनं सगळं सांगितलं आणि आत्याचे पाय धरले. "आत्या, तुझ्या शिव्यांनी तारलं गं."

आत्यानं डोळे पुसले. "मग मला दाखव की पाठ," ती म्हणाली, आणि शाबासकीची अशी थाप दिली की पोरगी दोन पावलं पुढं गेली.